डोळे मिटून समजेल असा कोर्स

बीरगांव, ९ जानेवारी २०२४

चि. मोनालीबाई,

जय भीम.

फोन सोडून पत्र का लिहिलं याचं नवल करू नका, आणि हे वाचून फोन तर मुळीच करू नका. चेतनाचा फोन यशदीपने शनिवारी फोडला. माझा फोन तो रोज संध्याकाळी हातात घेतो, कोणाचा आला, कोणाला केला, सगळं बघतो. तुमचा नंबर दिसला तर पुन्हा तेच होईल.

तेच म्हणजे काय ते लिहितो. तुमच्या ऑफिसात जागा आहे आणि तुम्ही ती तुमच्या बहिणीसाठी धरून ठेवली आहे, हे त्याने तिच्या फोनमध्ये वाचलं. आधी फोन ओट्यावर आपटला. मग तिला केसांना धरून भिंतीवर. माझाच मुलगा आहे. उरला गावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिथे मजूर त्याला भैया भैया करतात आणि घरी हे असं. "नागपुर जाएगी? जा के दिखा," एवढंच म्हणत होता. चेतनाचं कपाळ फुटलं. मी हळद लावली.

तो कामावर गेल्यावर सूनबाई मला म्हणाली, "बाबा, मले परीक्षा द्यायचीच आहे. ताईच्या घरी हात हलवत जाणार नाही. नोकरी घेऊनच जाईन." परीक्षा पास असल्याशिवाय तुमच्या ऑफिसात तिला बसवता येत नाही, तसा कायदाच आहे, असं ती सांगते. अभ्यास फोनवरच्या व्हिडिओंतून करतात, त्यांचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगाल म्हणते.

मी सातवी शिकलेला माणूस, जन्म सिलतरा गावच्या लोखंडाच्या भट्टीपुढे गेला. मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो. हा जुगार तर नाही ना? नापास झाली तर पुन्हा बसू देतात का? तुमचे साहेब तोवर थांबतील का? व्हिडिओ पाहिले ते फोनमध्ये दिसतं का? उत्तर माझ्या घरी पाठवू नका. यज्ञेश्वर साहू, सायकल दुकान, बाजार चौक, बीरगांव, या पत्त्यावर पाठवा. चांगला माणूस आहे, पत्र उघडत नाही.

आपला,
गुलाबराव


नागपूर, १५ जानेवारी

काकाजी,

जय भीम. पत्र मिळालं. वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

जुगार नाही. ग्राहकाचे शेअरचे सौदे टाकायला जो माणूस कॉम्प्युटरवर बसतो, त्याला ही एनआयएसएम नावाच्या संस्थेची परीक्षा पास व्हावी लागते. पडद्यावर प्रश्न येतो, चारपैकी एक उत्तर निवडायचं. चुकलं तर मार्क कापतात, म्हणून माहीत नसेल तर कोरं सोडायचं. निकाल तिथल्या तिथे मिळतो. एप्रिलच्या सुरुवातीची तारीख मी नागपूरच्या सेंटरवर घेतली आहे. साहेब तोपर्यंत थांबतील, पुढे नाही.

कोर्सचं सांगते. "गॅरंटी, गॅरंटी" ओरडतो त्याचा घेऊ नका. नुसते जुने प्रश्न पाठ करून घेतो त्याचाही नको, प्रश्न जरा फिरवला की पोरं आपटतात. तीन बरे आहेत: शिशिर सर, पराग सर आणि कुमुद मॅडम. तिघांचाही पहिला धडा फुकट बघता येतो. चेतनाला बघू द्या, तीच ठरवेल. फी मी इकडून भरते. पाहिलेलं पुसून कसं टाकायचं ते यज्ञेश्वरभाऊंना विचारा.

एक विचारते. तो तिला भिंतीवर आपटत होता तेव्हा तुम्ही कुठे होता? हळद लावायला होता ते कळलं. चेतना एकदा म्हणाली होती की अशा वेळी बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

मोनाली


बीरगांव, २८ जानेवारी

चि. मोनालीबाई,

जय भीम.

टीव्हीचा आवाज मी वाढवतो, कारण शेजारी ऐकतात. हे काही कारण झालं का, असं तुम्ही म्हणाल. मलाही रात्री तसंच वाटतं. तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि मी आडवा आलो तर तिला दुप्पट मारतो. एवढंच लिहितो, रागावू नका.

तिन्ही कोर्सचे धडे आम्ही दोघांनी पाहिले. पराग सर तर मागे कुत्रं लागल्यासारखे बोलतात. चेतना म्हणाली, "बाबा, हे पेपर संपवून पळून चालले का?" आणि हसली. या घरात ती पुष्कळ दिवसांनी हसली. कुमुद मॅडम शाळेतल्या बाईंसारख्या, आता पट्टी मारतील असं वाटतं. शिशिर सर मात्र एकेक गोष्ट सोडवून सांगतात आणि मध्येच थांबून म्हणतात, "समझ में आया ना? नहीं आया तो कोई बात नहीं, फिर से करते हैं." चेतनाने तेवढाच भाग परत लावला. मला म्हणाली, "असं बोलते का कोणी?" तेव्हाच मी म्हटलं, हाच घे. त्यांचीच फी भरा.

यशदीप सकाळी गेला की अभ्यास. कानात वायर घालून ऐकलं तर बाहेरची फटफटी तिला ऐकू येत नाही, म्हणून मीच सांगितलं की वायर नको, आवाज बारीक ठेव. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. फटफटी वळणावर आली की खोकायचं ठरलं आहे.

यज्ञेश्वरने पुसायचं शिकवलं. तरी मला धाकधूक राहते.

आपला,
गुलाबराव


बीरगांव, १३ फेब्रुवारी

चि. मोनालीबाई,

तुमचं उत्तर यायच्या आत लिहितो आहे. घाबरू नका. चेतना न्हाणीत घसरली. डावा हात मनगटाच्या वर मोडला, प्लास्टर घातलं आहे. उजवा चांगला आहे. पाठीवर झोपता येत नाही म्हणून कुशीवर झोपते. जेवते. अभ्यास थोडे दिवस बंद.

शिशिर सरांचा कोर्स परत करून दुसरा मिळेल का? घेतलेला कोर्स ते लोक बदलून देतात का?

तुम्ही येऊ नका. येण्यासारखं काही नाही.

गुलाबराव


नागपूर, १८ फेब्रुवारी

काकाजी,

घसरलेल्या बाईचा हात मोडतो, मान्य. पण तिला पाठीवर का झोपता येत नाही? आणि न्हाणीत घसरल्यावर सर का बदलावे लागतात?

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. खरं लिहा. पुढच्या रविवारपर्यंत खरं पत्र आलं नाही तर मी पोलीस घेऊन बीरगांवला येते. मग तुमचे शेजारी काय ऐकतील ते ऐकोत.

मोनाली


बीरगांव, २२ फेब्रुवारी

चि. मोनालीबाई,

जय भीम. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे. खरं तेच लिहितो.

मी दाराशी फटफटीची वाट बघत होतो आणि तो पायी आला. गाडी कारखान्याजवळ पंक्चर झाली होती. मागच्या गल्लीतून आला, खिडकीशी थांबला. आत शिशिर सर म्हणत होते, "बहुत बढ़िया! घबराइए मत, आप से हो जाएगा." आपली बायको बंद घरात कोणा माणसाशी बोलून राहिली, असं त्याला वाटलं. आम्ही सर निवडले ते गोड बोलतात म्हणून. तो गोड आवाज खिडकीबाहेर कसा ऐकू जाईल, हा विचार मला शिवला नाही.

मला खुर्चीसकट ढकलून तो आत गेला. मी उठेपर्यंत पट्टा काढला होता. बक्कलच्या बाजूने मारत होता. "कौन है? नाम बता! नाम बता उसका!" ती ओरडत होती, "सर आहेत, सर आहेत," त्यावर तो आणखी पेटला. दाराचा अडसर उचलला. तिने डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शिशिर सर फोनमध्ये बोलतच होते.

तेव्हा मी म्हटलं, "मेरा है. फोन मेरा, सर मेरे." कसं सुचलं माहीत नाही. म्हटलं, फंडाचे पैसे पडून आहेत, कोणी फसवू नये म्हणून शेअरचं शिकून राहिलो, ती फक्त फोन लावून देत होती. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अडसर हातात धरूनच हसायला लागला. "तुम? चार दिन के मेहमान, और शेयर मार्केट?" हसता हसता तोच फोन माझ्या कानशिलावर मारला. काच तडकली, फोन चालू आहे.

दवाखान्यात त्यानेच सांगितलं की घसरली. आम्ही दोघं उभे होतो, आम्हीही मान डोलावली.

आता रोज संध्याकाळी विचारतो, "क्यों सेठ, पढ़ाई चालू है?" म्हणजे मला शिकावंच लागणार. त्यावरून मला सुचलं. मी बाहेरच्या खोलीत फोन मोठ्याने लावून बसायचं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, कोण काय म्हणेल? चेतना स्वयंपाकघरात भाकरी करता करता ऐकेल. त्याच्यासमोर, रोज.

पण शिशिर सर घडीघडी म्हणतात, "यहाँ देखिए, यह लाल लाइन." चुलीपाशी तिला कसली लाल लाइन दिसणार? म्हणून असा कोर्स पाहिजे, जो डोळे मिटूनही समजेल. आणि बाईचा आवाज पाहिजे. मिळेल का?

पोलिसांचं चेतनाने लिहायला सांगितलं ते तिच्याच शब्दांत: "ताई, पोलीस दोन दिवसांत त्याले सोडून देतीन. मग मले परीक्षेला कोण जाऊ देईन? आधी परीक्षा." तुम्ही येऊ नका. हात जोडतो.

आपला,
गुलाबराव


नागपूर, २ मार्च

काकाजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बॅग भरायला घेतली. शेवटी चेतनाचं ऐकलं. बरोबर केलं की नाही ते मला माहीत नाही.

आठवडाभर घरी आले की डोळ्यांवर ओढणी बांधून एकेक कोर्स ऐकला. नवरा म्हणाला, वेड लागलं काय. बहुतेक सगळे अर्ध्यातच हरवतात, सगळं बोट दाखवून शिकवतात. फक्त कुमुद मॅडम नाहीत. त्या तक्ता आला की प्रत्येक ओळ वाचतात, आकडा वाचतात, उत्तर कसं आलं तेही तोंडाने सांगतात. कोरड्या आहेत, गोड अजिबात नाहीत. आपल्याला तेच पाहिजे. आलेखांवर मात्र त्या "पुस्तकातली आकृती पहा" एवढंच म्हणतात. ते प्रश्न चेतनाने परीक्षेत कोरे सोडायचे, अंदाज मारायचा नाही.

फी भरली. सोबत पासवर्ड आहे, पाठ करा आणि चिठ्ठी जाळा.

टीव्हीबद्दल मी लिहिलं होतं ते मागे घेत नाही. पण आता आवाज वाढवा.

मोनाली


बीरगांव, ३१ मार्च

चि. मोनालीबाई,

जय भीम.

चेतना तुमच्याकडे सुखरूप पोचली, असं यज्ञेश्वरच्या फोनवर कळलं. तिने काय सांगितलं, काय गाळलं, मला माहीत नाही. म्हणून लिहितो.

तीन आठवडे सगळं नीट चाललं. मी मोठ्याने लावायचो. यशदीप दारू घेऊन बाजूला बसायचा आणि मॅडमची नक्कल करायचा. चेतनाला समजलं नाही की ती भांडं आपटायची, मी म्हणायचो, "काय म्हणाल्या काय माहीत," आणि मागे घेऊन परत लावायचो. मॅडमचं थोडंथोडं मलाही कळायला लागलं होतं. खोटं नाही सांगत, त्या वेळेची मी वाट बघायचो.

गुरुवारी तो कारखान्यात साहेबाशी भांडून, पिऊन आला. फोन हिसकला, बंद केला. "चल सेठ, आज परीक्षा. पुट क्या होता है?" मला माहीत होतं. आदल्याच दिवशी मॅडमच्या धड्यात दोनदा ऐकलं होतं. पण त्याने माझा गळा धरला होता. भिंतीला टेकवून दाबत विचारत होता, "बोल. बोल ना. महीने भर से क्या सुन रहा है तू?" मला श्वास येईना. डोळ्यांपुढे काळं आलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

स्वयंपाकघरातून चेतना म्हणाली, "तय भाव पर बेचने का हक़. हक़ होता है, मजबूरी नहीं."

अगदी शांत आवाजात. मॅडम म्हणतात तसंच.

त्याने मला सोडलं. मी खाली पडलो. तो स्वयंपाकघरात गेला. मी सरपटत दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने तिचा प्लास्टरचा हात धरून ओट्याच्या कडेवर आपटायला सुरुवात केली होती. एकदा, दुसऱ्यांदा. प्लास्टरचे तुकडे उडाले. "पढ़ेगी? मेरे ही घर में, मेरे ही सामने?" ती आता ओरडत होती. मग त्याने तिचं तोंड गरम तव्याकडे दाबायला घेतलं.

नालीवरची फरशी उचलायची सब्बल, लोखंडी पहार, दाराच्या मागे असते. भट्टीवर मी सब्बलीनेच जमलेली मळी फोडत होतो. वय झालं तरी हात ते विसरत नाही. मी त्याच्या उजव्या कोपरावर मारली. तो वळला, तेव्हा परत तिथेच मारली. हाड बाहेर आलं. मोनालीबाई, हा हात धरून मी त्याला शाळेत नेलं होतं, आणि तो मोडताना मला काहीच वाटलं नाही. आता वाटतं. तेव्हा नाही.

तो ओरडला तसे शेजारी धावत आले. आखा पारा, सगळी वस्ती आली. ती इतकी वर्षं ओरडत होती तेव्हा एक माणूस आला नव्हता. त्यांना वाटायचं घरात टीव्ही चालू आहे.

यज्ञेश्वरही धावत आला आणि तिला त्याच पावली बसस्टँडवर घेऊन गेला. तिच्या गालाला चटका बसला आहे, हात पुन्हा दाखवून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "काका, आपका बेटा तो बोल रहा है छत से गिरा. घर की बात है, जाने दो." मी म्हटलं, "गिरा नहीं. मैंने मारा." तो म्हणाला, "क्यों मारा?" मग मी पहिल्यापासून सांगितलं. भिंत, पट्टा, अडसर, न्हाणीत घसरली ते खोटं, सगळं. त्याला लिहून घ्यावं लागलं. बापाने का मारलं ते लिहिल्याशिवाय बापाने मारलं हे लिहिता येत नव्हतं. एक रात्र मला बसवून ठेवलं, मग यज्ञेश्वरने जामीन दिला. यशदीपवरही गुन्हा लागला.

हे चेतनाला परीक्षेच्या आधी सांगू नका. ती परत येईल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

आपला,
गुलाबराव


नागपूर, ६ एप्रिल

काकाजी,

चेतना पास झाली.

मी बाहेर बसले होते. इतर पोरं बाहेर येऊन दंगा करत होती, ही बाहेर आली आणि जिन्यावर बसली. मला वाटलं गेलं. मी म्हटलं, "जाऊ दे गं, पुन्हा बसू." तिने कागद पुढे केला. काठावर आहे, पण आहे. आलेखाचे सगळे प्रश्न कोरे सोडले. म्हणाली, "बाकीचे वाचताना डोळे मिटले की मॅडम बोलायच्या, ताई. आणि भाकरीचा वास यायचा." मग खूप रडली. हात बघणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा प्लास्टर घातलं. गालावर डाग राहील म्हणतात.

ऑफिसने तिला नागपुरात ठेवलं नाही. मीच साहेबांना विनंती केली. दुसऱ्या गावच्या शाखेत जागा मिळाली, सोमवारी रुजू होते. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही आलात की मी स्वतः तुम्हाला तिच्याकडे नेऊन सोडते.

काल रात्री तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "बाबांना तिथे ठेवू नको. त्यांना घेऊन ये." मीही तेच म्हणते. आधीच्या पत्रांत मी तुम्हाला जे जे टोचून लिहिलं ते माझ्याजवळ राहू द्या. तुम्ही या.

मोनाली


बीरगांव, १४ एप्रिल

चि. मोनालीबाई,

जय भीम. आज जयंती. मिरवणूक चौकातून जाते आहे आणि मी दुकानाच्या मागच्या बाजूला बसून लिहितो आहे. तुमचं पत्र आधी मीच यज्ञेश्वरकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. पास झाली ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

मी येत नाही. कारण सांगतो.

यशदीप जामिनावर घरी आला. उजवा हात कोपरापासून बांधलेला आहे, लोखंडी सळी घातली म्हणतात. नोकरी गेली. मी त्याला जेवू घालतो. घास त्याच्या तोंडात देतो आणि तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणतो, "पट्टी खुलने दो." रोज म्हणतो. परवा डाव्या हाताने ताट माझ्या तोंडावर मारलं. दोन दात गेले, म्हातारपणी जायचेच होते.

तो तुमच्याकडे आला तरी तिथे ती दिसणार नाही. तुम्ही तोंड उघडणार नाही, मग त्याला नकळत तिच्यापर्यंत नेईल असा एकच माणूस उरतो, तो मी. मी विहारात गेलो तरी तो मागे येतो. आज मिरवणुकीच्या गर्दीत चुकवला. मी नागपूरच्या गाडीत बसलो तर तो पुढच्या डब्यात बसेल, आणि तुम्ही मला जिथे सोडाल तिथे मी त्याला घेऊन जाईन. मी इथे घरात असलो तर तोही इथेच असतो. मला बघत बसतो, मी कुठे जातो याची वाट बघत. बसू दे. केसची तारीख लागली की मी कोर्टात जाऊन जे ठाण्यात सांगितलं तेच सांगेन. तेवढं झालं की पुढचं पुढे.

चेतनाला सांगा की बाबा बरे आहेत, यज्ञेश्वर दोन वेळा डोकावून जातो. दातांचं सांगू नका. नवीन कामात मन लावू द्या, चुकलं तर मार्क कापतात तसे तिथे पैसे कापत असतील.

गावाचं नाव तुम्ही लिहिलं नाही ते फार चांगलं केलं. मला कधीच सांगू नका. माझा गळा पुन्हा धरला तर या वेळी खरोखर माहीत नसलेलं बरं.

आता या पत्त्यावरही लिहू नका. पाकिटावर नागपूरचा शिक्का असतो, आणि काल तो दुकानासमोर उभा होता. तुमचं उत्तर आलं नाही तर मी समजेन की तुम्ही माझं ऐकलं.

आपला,
गुलाबराव